दोन्ही दिवे मंद आहेत

४ फेब्रुवारी १९५८, पोलादपूर

गाडीच्या नोंदवहीत आज लिहिलं : ‘आंबेनळी घाट. दोन्ही दिवे बंद पडले. अर्थिंगच्या तारेचा बोल्ट सैल होता. गंज खरवडून आवळला. वीस मिनिटं खोळंबा.’ खाली माझी सही, तिच्याखाली डॉक्टर पोतनिसांची.

जे खरं घडलं ते नोंदवहीत लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून ही दुसरी वही. लष्करात सहा वर्षं लॉरी चालवली. तिथे शिकवलं होतं, बिघाड कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

वरच्या वाड्यांचा दवाखाना आटोपून दिवस मावळता उतरत होतो. आमची गाडी म्हणजे लष्करी लिलावातली लॉरी. आपल्या भागातल्या मुंबईकरांच्या मंडळाने वर्गणी काढून ती घेतली आणि तिच्यावर लाकडी घर बांधलं. झोपायला चार फळ्या, स्टोव्ह, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट, मधे तपासणीचं टेबल. आठवड्यातले चार दिवस आम्ही तिच्यातच राहतो. कागदावर तो फिरता दवाखाना. लोक घरगाडी म्हणतात.

वाघजाईच्या वळणावर, स्टिअरिंग अर्धं फिरलेलं असताना, समोरचं सगळं नाहीसं झालं. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढचं डावं चाक दरीच्या काठावर होतं. त्याच्याखालचे दगड सुटले. ते खाली पोचल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसलो. आवाज आला नाही.

कोंडाजी चाकाला लावायचा ओंडका घेऊन उतरला. स्वयंपाक, पाणी आणि हा ओंडका ही त्याची कामं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे. म्हणाला, “दत्तारामा, उजवीकडनंच उतर हां. डावीकडं जमीन संपलीय.”

बोल्ट आवळायला दोन मिनिटं लागली. बाकीची अठरा मिनिटं माझे हात पाना धरू शकत नव्हते. तेवढ्यात देवीच्या घुमटीकडे तोंड करून मनात बोललो, आई, हे दिवे पुन्हा जाऊ देऊ नकोस. पुढच्या वर्षीच्या तुझ्या जत्रेपर्यंत मासळी, मटण, अंडं तोंडात घालणार नाही.

६ फेब्रुवारी

घरी आलो. माझ्या बायकोने, आवडीने, सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं. ताट बाजूला सारलं. नवस आहे एवढंच सांगितलं, कशाचा ते नाही. गाडी चालवणाऱ्याने बायकोला घाबरल्याचं सांगू नये.

“अवो, दिवाळीत कावीळ झाली, अजून अंगावर मास चढलं नाय, आणि तुमी मास सोडताय? आणि बायकोपासनं लपवला तर तो नवस नाय, ती चोरी हाय.”

कावीळ झाल्यापासून तूपही बंदच आहे. डॉक्टरांनी दोन महिने सांगितलं होतं. मी आपलं सोडलं ते सोडलंच.

१७ मार्च, महाड

बाजारातल्या चांगू मिस्त्रीकडे दिवसभर गाडी उभी. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळी तार नवी घातली. दोन तारा लावलेला लहान बल्ब घेऊन मिस्त्रीने एकेक जोड तपासला. बल्ब लागला की तो “वा, वा” म्हणतो, जणू कोणी गातंय. सगळीकडे वा, वा झालं.

मला मात्र सारखं वाटतं की वळणावरच काहीतरी सुटेल.

२८ जून

सव्वातीन महिन्यांत वहीला हात लावला नाही. दिवे एकदाही गेले नाहीत. देवी ऐकतेय असं मानून चाललो होतो.

आज मानता येत नाही. पाऊस आणि संध्याकाळ. दिवे लावले, पण रस्त्यावर उजेड पडलाच नाही. म्हणजे पडला असेल, पण पाणी घातलेल्या ताकासारखा. घाटाखालच्या कापडे गावापर्यंत बैलगाडीच्या वेगाने आलो. सदरा घामाने भिजला. पावसाने भिजला असं सांगितलं.

बंद पडणारा दिवा समजतो. हा लागलेला असून उजेड देत नाही. याला काय करायचं?

देवीला सांगितलं, आजपासून दूधही सोडलं.

११ जुलै

मुंबईहून नवे बल्ब आले. दिवेलागणीला गाडी पोलादपूरच्या नाक्यापलीकडे उभी करून लावून पाहिले. मी स्टिअरिंगवर, कोंडाजी समोर रस्त्यात.

“उजवा झकास हाय,” तो ओरडला. “डावा वाईच मंद.”

“दोन्ही मंद आहेत.”

“नाय रे. उजव्याचा उजेड पार त्या आंब्यापर्यंत जातोय.”

“कुठला आंबा? दोन्ही मंद आहेत म्हणतो ना!”

एवढं ओरडलो की चंद्राबाई नर्स दार उघडून बघायला आल्या. कोंडाजीने ओंडका उचलून आत ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. माझ्या कपात साखर जास्त घातली.

त्याचं वय झालं. त्याच्या नजरेवर विसंबून चालायचं नाही.

२५ जुलै, महाड

चांगू मिस्त्रीने डायनामो उघडून पाहिला. बॅटरीचं पाणी मोजलं. दिव्यांच्या आतल्या वाट्या काढून चुन्याच्या निवळीने पुसल्या. मग दुकानाला गोणपाटं लावून भर दुपारी अंधार केला आणि दिवे समोरच्या भिंतीवर टाकले. भिंत पांढरीफेक दिसली. मलाही दिसली.

“ड्रायव्हर, दिवे नवरदेवासारखे सजलेत,” मिस्त्री म्हणाला. “तुमचीच वरात पुढं सरकत नाही.”

दुकानातले दोघेतिघे हसले. मीही हसलो. दुपारी सगळं ठीक असतं. मिस्त्रीच्या दुकानात घाट नाही.

९ ऑगस्ट, वरंध

शाळेच्या पडवीत दवाखाना. साळूबाई नावाची एक बाई तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. “दिवसाचं पोर कसं टुणटुणीत असतंय, बाई. सांज झाली की भिंतीला थडाकतं. काल चुलीत पाय घालीत होती गो!”

चंद्राबाई म्हणाल्या, “रातांधळं आहे. जेवायला काय घालतेस?”

“भात नि पेज. आनि काय घालनार?”

अशी अकरा मुलं निघाली. शार्क माशाच्या तेलाची पेटी मी गाडीतून उतरवून दिली. चमचा दिला की मुलं थुंकायची, चंद्राबाई नाक धरून दुसरा द्यायच्या. वास अंगाला लागला म्हणून मी दोनदा हात धुतले. नुसता वास लागला तर नवस मोडत नसावा.

लवकर निघू या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. साडेचारला निघालो. उजेडात पोचलो.

१२ ऑगस्ट, घरी

दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचकाळलो आणि पाण्याच्या हंड्यावर पडलो. आवडीला म्हटलं, कंदिलाची काच पुसत नाहीस का? म्हणाली, दुपारीच पुसली. मग रॉकेलच भेसळीचं असणार. दुकान बदलायला सांगितलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणजे, बघत असावी. तोंड नीट दिसत नव्हतं.

३० ऑगस्ट

आज मोरीच्या कठड्याला गाडी घासली. सात वाजायचे होते, पाऊस नव्हता. दिवे एकदम विझल्यासारखे झाले आणि धडक बसली. पुढचा मडगार्ड वाकला. कोणाला लागलं नाही.

“कठडा दिसत व्हता की रे,” कोंडाजी हळू म्हणाला.

“दिवे फडफडले. तू झोपला होतास.”

“मी जागा व्हतो,” तो म्हणाला. “हल्ली मी जागाच असतो.”

नोंदवहीत ‘दिवे फडफडले’ असं लिहिलं. डॉक्टरांनी वाचून सही केली, पण पेन जरा थांबलं.

नवस पुरेसा नाही. आपल्याला ज्याचं काही वाटत नाही ते सोडून काय उपयोग? अळूची भाजी आणि शेवग्याचा पाला माझ्या जिवाच्या गोष्टी, आवडीला ठाऊक आहे. आजपासून पालाही सोडला. आता भात, कुळथाची पिठी आणि भाकरी.

१८ सप्टेंबर

रोज काहीतरी निमित्त काढतो. परवा पेट्रोल कमी आहे म्हणालो, काल ब्रेक तापतात म्हणालो. आज डॉक्टर म्हणाले, “दत्ताराम, रोगी घड्याळ बघून आजारी पडत नाहीत.”

खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण काय सांगू? दिवे चांगले आहेत असं मिस्त्री म्हणतो. मग वाईट काय आहे? मी भित्रा झालो एवढंच उरतं. भित्र्या ड्रायव्हरला मंडळ ठेवणार नाही आणि ठेवूही नये. एकोणीस वर्षं याच कामावर भाकरी खाल्ली. दुसरं काही येत नाही.

दुपारपासूनच सूर्याकडे बघत बसतो. तो कलला की औषधांच्या पेट्या आवरायला लागतो.

८ ऑक्टोबर, महाड

काल जे झालं ते सकाळच्या उजेडात लिहितो आहे.

घाटावरच्या वाडीत दवाखाना संपत आला होता. मी चाकं बघून घेतली होती, पाच मिनिटांत निघणार होतो. तेवढ्यात चार माणसं डोली घेऊन आली. डोलीत बयाबाई, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. नवरा भिकू डोलीचा पुढचा दांडा धरून होता. खांदा सोलला होता, त्याला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी तपासून हात धुतले. “महाडला न्यायला हवं. पोट उघडावं लागेल. काढा गाडी.”

पावणेसहा वाजले होते. म्हटलं, “डॉक्टरसाहेब, दिव्यांचा भरवसा नाही. पहाटे निघू.”

“पहाटेपर्यंत ही राहणार नाही.”

निघालो. पहिली तीन वळणं उरलेल्या उजेडात काढली. मग झाडी आली, दिवे लावले आणि पुढची दोन वळणं आठवणीवर घेतली. आठवणीवर! मागे टेबलावर ती कण्हत होती. चंद्राबाई “सोस गो बाय, सोस” म्हणत होत्या.

वाघजाईच्या वळणावर सगळं गेलं. फेब्रुवारीत गेलं होतं तसंच. ब्रेकवर उभाच राहिलो.

“दिवे गेले! कोंडाजीदादा, ओंडका!”

तो उतरला. ओंडका लावल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग माझ्या खिडकीशी येऊन अगदी हळू म्हणाला, “दत्तारामा, दिवे लागलेत.”

“थट्टा करू नकोस.”

“खाली ये.”

त्याने माझा दंड धरून मला गाडीच्या पुढे नेलं. दोन्ही दिवे तोंडावर आले. डोळ्यांवर हात धरावा लागला. हात लावून काच पाहिली, तापलेली होती. मग कोंडाजीने मला रस्त्याकडे फिरवलं.

“तो बघ पांढरा दगड. ती घुमटी. तो रस्ता वळतोय.”

काही नव्हतं. काळं होतं, बस. दिवे पाठीशी होते म्हणजे माझी सावली पुढे पडली असणार. मला तीही दिसली नाही.

डॉक्टर आणि चंद्राबाई दारात आले होते. चंद्राबाईंनी विचारलं, “दत्ताराम, संध्याकाळी घरात ठेचकाळता का हो?”

मला वरंधच्या पडवीतलं ते चुलीत पाय घालणारं पोर आठवलं. खाली बसलो. रस्त्यातच बसलो.

“किती दिवसांपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाऊस लागल्यापासून. मला वाटलं, दिवे...”

“आणि तुम्ही आम्हाला घेऊन रोज उतरत होतात.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, जणू नोंदवहीत लिहीत आहेत.

भिकू कधी उतरला कळलं नाही. म्हणाला, “डायवरदादा, मला गाडीतलं काय कळत नाय. पर कंदील दिसतो का तुमाला? नुसता कंदील?”

“कंदील दिसतो.”

“मग झालं. आमी दोघं कंदील घिऊन पुढं चालतो. दोन कंदिलांच्या मधून या.”

गाडीत दोन कंदील होते. कोंडाजी दरीच्या अंगाने, भिकू डोंगराच्या अंगाने. मला दोन पिवळे ठिपके दिसत होते आणि बाकी जग नव्हतं. डावा ठिपका जिथे जाईल तिथे जमीन आहे एवढाच आधार. वळण आलं की कोंडाजी “धर उजवीकडं... आजून... बस!” असं ओरडायचा. कंदील एकदा घसरून खाली गेला. मी गाडी थांबवून दगडांचा आवाज ऐकत बसलो. “पडलो नाय, पडलो नाय,” तो म्हणाला, “चिखल हाय.” भिकूचा कंदील एकदाही थांबला नाही. मागून त्याच्या बायकोच्या किंकाळ्या येत होत्या आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

अडीच तासांनी कापडे आलं. तिथे मुक्कामाची एस.टी. उभी होती. तिचा ड्रायव्हर भाकरीवरून उठून हातसुद्धा न धुता आमच्या स्टिअरिंगवर बसला. मी मागे गेलो. बयाबाईच्या पायांशी बसायला जागा होती, तिथे बसलो नाही. दाराशी उभा राहिलो.

बयाबाई वाचली. मुलगा होता. तो नाही.

९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, मूल डोलीतच गेलेलं असावं, दोन दिवसांत कधीतरी. चांगला रस्ता आणि चांगला ड्रायव्हर असता तरी वाचलं नसतं. हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, ते विचारायचं धैर्य नाही. ‘असावं’ म्हणाले. ‘होतं’ म्हणाले नाहीत.

त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी गाडीवरच राहायचं, पण मार्चअखेरपर्यंत सूर्य मावळल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग डोळे तपासून ठरवायचं. काविळीने यकृत खाल्लं आणि उरलेलं काम माझ्या ताटाने केलं, असं त्यांचं म्हणणं. चंद्राबाईंनी पेटीतली बाटली दिली. तीच पेटी. आठ महिने मीच चढवतो आणि उतरवतो.

बाटली घेऊन घरी आलो. आवडीला सगळं सांगितलं, नवस कशाचा तेही. आणि हे तेल माशाचं आहे, हेही.

“मग पीत का नाय?”

“देवीला दिवे राखायला सांगितलं होतं. तिनं राखले. त्या दिवसापासून एकदाही गेले नाहीत. तिनं तिचा शब्द पाळला, मी मोडू कसा? आणि मोडला आणि पुन्हा दिवे गेले तर?”

आवडी चुलीपुढून उठून समोर येऊन बसली.

“तिनं दिवे राखले. डोळे राखायला तिला कुनी सांगितलं व्हतं? ते काम माज्याकडं व्हतं. नि तुमी माजं ताट मागं सारत व्हता.”

नंतर म्हणाली, उद्या गुरवाकडून कौल लावून घेते. देवीला फूल लावायचं, उजवीकडून पडलं तर मोकळीक.

“आणि डावीकडून पडलं तर?”

ती उठली आणि भाकरी थापायला बसली.

१० ऑक्टोबर

आवडी पहाटे गेली. मी बाटली समोर ठेवून बसलो. फूल डावीकडून पडलं तर मला प्यायचं धाडस होणार नाही, हे मला माहीत होतं. आणि न पिता पुन्हा कधी कोणाला घेऊन निघालो तर काय होईल, हेही. दोन्ही भीती तोलून पाहिल्या. दुसरीत बयाबाई होती. चमचाभर तेल घेतलं. मग दुसरा. थुंकलो नाही. वाघजाईच्या दिशेला तोंड करून बसायचं मात्र झालं नाही, भिंतीकडे तोंड करून घेतलं.

दुपारी आवडी आली. बाटली पाहिली.

“कौल?” मी विचारलं.

“गुरव कापनीवर गेलाय. देवळात चिटपाखरू नाय. मीच सांगून आले. म्हटलं, आई, मासळी ते खानार. त्याच्याबदली जत्रेला मी अनवानी चढून येईन.”

“देवी काय म्हणाली?”

“काय म्हननार? बाईमानूस हाय ती बी.”

२४ ऑक्टोबर

बयाबाईला दवाखान्यातून सोडलं. सकाळच्या उन्हात त्या दोघांना घाटावर पोचवलं. भिकू पुढे माझ्याशेजारी बसला, त्याच्या पलीकडे ती. वाघजाईचं वळण आलं. तिथे तिने विचारलं, “डायवरदादा, हिथंच दिवे गेले व्हते ना?”

भिकूने तिला काय सांगितलं होतं ते त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो माझ्याकडे न बघता मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा.

“नाही, बाय,” मी म्हणालो. “दिवे होते. मला दिसत नव्हतं.”

तिने घुमटीकडे पाहिलं, मग दरीकडे. उतरेपर्यंत काही बोलली नाही. उतरल्यावर भिकूने माझ्या हातात चार काकड्या ठेवल्या.

तेव्हापासून मला त्या वळणाची नाही, तिच्या त्या न बोलण्याची भीती वाटते. ही भीती कुठल्या तेलाने जाईल असं वाटत नाही. जाऊही नये.

३ नोव्हेंबर, पोलादपूर

दिवेलागणीला कोंडाजी म्हणाला, “चल, लावून बघू.” गाडी मी उजेडातच नाक्यापलीकडे, जुलैत होती तिथेच, उभी करून ठेवली होती. त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः पुढे उभा राहिला. मी बटणावर बोट ठेवून किती वेळ बसलो होतो ते तोच जाणे.

“लाव की! का मुहूर्त काढू?”

लावले.

रस्ता होता. खडी होती, खडीतलं गवत होतं, कोंडाजीचे पाय, धोतराचा मळका काठ आणि त्याच्या मागे पार रस्त्याच्या टोकाला एक आंब्याचं झाड. ते झाड मी पहिल्यांदाच बघत होतो.

उतरून पुढे गेलो. त्याच्या शेजारी उभा राहून बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. उजेड दोन्हीकडे सारखा नव्हता.

“कोंडाजीदादा,” मी म्हणालो, “डावा जरा मंद आहे.”

त्याने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“जुलैपासनं,” तो म्हणाला.

डाव्या दिव्यामागे हात घातला. त्या दिव्याच्या अर्थिंगच्या बोल्टखालीही पावसाने गंज धरला होता. कोंडाजीने कंदील धरला आणि मी पाना. नोंदवहीत लिहिलं : ‘डावा दिवा मंद. गंज खरवडून बोल्ट आवळला. बिघाड कोंडाजीने दाखवला होता, तारीख ११ जुलै.’